मायाप्पाचं बोलकं घोंगडं

एका एडक्याला हृदयरोगाच्या डॉक्टरांनी पावणेदोन तास माणूस समजून तपासलं. त्या वेळात एडक्याने एकदाही तक्रार केली नाही. डॉक्टरांनी तीन वेळा केली.

एडक्याचं नाव सरदार. कपाळावर पांढरा ठिपका, शिंगांना दोन-दोन वेढे आणि स्वभाव सरकारी कचेरीतल्या शिपायासारखा, म्हणजे आपल्याशिवाय काही हलत नाही अशी खात्री. त्याची गोष्ट सांगणारच आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायचं तर आधी मायाप्पाच्या काळजापासून निघायला हवं. वाट थोडी लांबची आहे. चालायची सवय असेल तर कळायचंही नाही.

मायाप्पा मदने आमच्या पळसमाळचा मेंढपाळ. वय चौसष्ट. त्याची मेंढरं एकशे ऐंशी, माझी एकही नाही, तरी आमची दोस्ती पन्नास वर्षांची. माझं स्टँडच्या कोपऱ्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली रेडिओ कोणी ठेवत नाही, त्यामुळे धंदा फार शांततेत चालतो. एक रेडिओ अजून फळीवर आहे. तो इतका जुना झालाय की त्याच्यावर परवाच्याच बातम्या लागतात. गाव मला बॅटरीतात्या म्हणतं.

दिवाळी झाली की मायाप्पा घोड्यावर बिऱ्हाड लादून, मेंढरं पुढे घालून, पुतण्या बिरा आणि बिराची बायको शेवंता यांच्यासह निघायचा. घाट उतरून कोकण. तिथल्या कापलेल्या भातखाचरांत मेंढरं बसवायची, चैत्रात परत यायचं. वयाच्या सातव्या वर्षापासून एकही साल चुकलेलं नाही. बायको बाळाई वाटेवरच वारली, त्या सालीही चुकलं नाही.

यंदा वैशाखात तो विहिरीच्या कडेला कोसळला. आत पडला असता तर पाणी तरी लागलं असतं. आमच्या विहिरीला वैशाखात नुसती खोली असते. दवाखान्यात त्याच्या काळजाच्या आत औषधाच्या गोळीएवढं एक यंत्र बसवलं. ठोका चुकला की ते आतून ढोसतं. बाकी वेळ काळजाची खबर कुजबुजत राहतं. कुजबुजतं अशासाठी, की त्याची बॅटरी दहा वर्षं पुरवायची असते. मोठ्याने बोललं तर वर्षात संपेल. त्याचा आवाज हातभर लांब गेला तर गेला. म्हणून जवळ कोणीतरी कान देऊन बसावं लागतं आणि ऐकलेलं पुढे कळवावं लागतं. दवाखान्याने त्यासाठी मायाप्पाच्या घरातल्या भिंतीवर एक पेटी ठोकली आणि सांगितलं, "पेटीच्या आसपास राहायचं. लांब जायचं नाही. भटकंती बंद."

"म्हंजे दाव्याला बांधला मला," मायाप्पा मला म्हणाला. "तात्या, बांधल्यालं मेंढरू कधी ब्येस वाढलंय?"

त्याची एकुलती लेक सिंधू पुण्यात एका प्रयोगशाळेत आहे. अंगावर घालायचे ॲन्टेना बनवणं हेच तिचं काम. म्हणजे जगात नेमका ज्या माणसाचा उपयोग होता, तो मायाप्पाच्या घरातच जन्मला होता. पण सिंधू आधी आली ती मुलगी म्हणून. म्हणाली, "आबा, मेंढरं विकून टाका." मायाप्पा तिच्याशी दोन महिने बोलला नाही. मग ती आली ती इंजिनियर म्हणून, निळ्या रंगाचं एक चकचकीत जाकीट घेऊन.

मायाप्पाने लेकीच्या मनासाठी ते घातलं आणि वाघरीत, म्हणजे मेंढरं कोंडतात त्या जाळीच्या कुंपणात, पाऊल टाकलं. एकशे ऐंशी मेंढरांनी एकदम उलट्या बाजूची जाळी पाडली. त्यातली सात तिसऱ्या गावात सापडली. खरं तर पाच, पण सात म्हणायची सवय लागलीय.

"आबा, त्यांना सवय होईल."

"त्यास्नी हुईल गं. मला कशी हुईल? घामानं भिजून खळाखळा वाजतंय ह्ये. मी काय बारदान हाय का?"

"मग काय घालाल तुम्ही? सांगा तरी!"

मायाप्पाने खांद्यावरचं काळं घोंगडं झटकलं आणि पुन्हा खांद्यावर टाकलं. एवढंच. सिंधू त्या घोंगड्याकडे बघत राहिली आणि दहाव्या मिनिटाला माझ्या दुकानात येऊन कागद मागू लागली.

तिने मला त्या दुपारी जे समजावलं ते मी जसं समजलो तसं सांगतो. हवेतल्या प्रत्येक लहरीला तिची एक लांबी असते आणि तिला धरणारा ॲन्टेना तिच्या मापाचा लागतो. मायाप्पाला तीन लहरी हव्या होत्या. काळजातल्या यंत्राची कुजबुज, ती लहर अडीच फुटांची. दंडावर साखर मोजणारी आणि छातीवर नाडी, ताप, श्वास मोजणारी अशा दोन टिकल्या, त्यांची लहर चार बोटांपेक्षा थोडी मोठी. आणि हे सगळं गोळा करून डोंगरावरच्या मोबाईलच्या मनोऱ्याला कळवायचं, ती लहर फूटभराची. तीन भाषा, तीन मापं. तीन वेगळे ॲन्टेना अंगावर बांधले तर माणूस मेंढपाळ दिसण्याऐवजी मांडवाचा खांब दिसेल.

"म्हणून एकच ॲन्टेना करायचा, तात्या. चांदीच्या धाग्याचा एक चौकोन विणायचा आणि त्यात आडव्या-उभ्या फटी ठेवायच्या. वीज फटीवरून उडी मारत नाही, वळसा घालते."

"मेंढरं जाळीला वळसा घालतात तशी."

"तशीच. काही मेंढरांना बाहेरून लांबचा वळसा, काहींना मधला, काहींना आतली जवळची वाट. एकाच वाघरीत तीन वाटा. लांब वाट लांब लहर धरते, छोटी वाट छोटी."

"मग अडलंय कुठं?"

"माणसापाशी," सिंधू म्हणाली. "माणूस म्हणजे मिठाच्या पाण्याची पखाल. लहर जवळ आली की अंग तिला पिऊन टाकतं, वर ॲन्टेनाचा सूरही बिघडवतं. त्याला अंगापासून थोडं उचलून धरायला हवं. मधे कोरडं, जाड, हवा भरलेलं काहीतरी पाहिजे. आम्ही आठ प्रकारचे फोम वापरून बघितले. आणि आबांच्या खांद्यावर चाळीस वर्षं ते पडलेलं आहे! लोकरीत अर्धी हवाच असते ना?"

गावात खड्ड्याचा, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून विणायचा, माग एकच उरलाय, सुबाक्काचा. सुबाक्का सत्तरीची. दात सगळे गेलेत, पण चावणं काही सुटलेलं नाही. सिंधूने तिला चौकटीच्या कागदावर नमुना काढून दिला. कुठल्या धाग्यापासून चांदी सुरू, कुठे फट, कुठे बंद. दोन पदरी घोंगडं करायचं: वरच्या पदरात नमुना, आतल्या पदरात चांदीची जाळी, म्हणजे लहर अंगाकडे न जाता बाहेर जाईल.

"ही तुजी चांदी लोकरीला चावती गं," सुबाक्का कुरकुरली.

"आक्का, नमुन्याबाहेर एक धागाही जाऊ द्यायचा नाही हं."

"अगं, तुज्या आज्ज्याचं घोंगडं मी इणलंय. तू मला मोजायला शिकीवती व्हय?"

मागावर असतानाच सिंधूने यंत्र लावून पाहिलं. तिन्ही सूर चोख. ती खुशीत पुण्याला गेली, घोंगड्याच्या कोपऱ्यात बसवायची सुपारीच्या डबीएवढी पेटी घेऊन पाच दिवसांनी परतली. मेंढरं निघायला आठवडा उरला होता. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी एवढं कबूल केलं होतं, की घोंगडं निघण्याआधी नीट चाललं तर ते भटकंतीच्या परवानगीच्या कागदावर सही करतील. नाही चाललं तर मेंढरं दुसऱ्याच्या वाघरीत. गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं होतं आणि मायाप्पाने त्या दिवशी जेवण केलं नव्हतं.

घोंगडं मायाप्पाच्या पाठीवर घातलं. सिंधूने यंत्र लावलं. एकही सूर नाही. पेटी बदलली, वायर बदलली, मायाप्पाला बदलून मला उभं केलं. तरी नाही. शेवटी तिने घोंगड्यावरून हात फिरवला आणि थांबली.

"आक्का, हे कडक कसं लागतंय? तुम्ही याला काय केलंत?"

"काय करायचं? खळ दिली."

"कसली खळ?"

"चिंचोक्याची! आनि कसली आस्ती? चिंचोकं भाजलं, दळलं, शिजीवलं, कुंच्यानं चोपाडलं, उनात वाळीवलं. दोन दीस."

"तुम्हाला सांगितलं होतं ना, नमुन्याबाहेर काही करायचं नाही म्हणून!"

"नमुन्याभायेर एक धागा न्हाई ग्येला. मोज!" सुबाक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "खळ दिली न्हाई तर त्ये घोंगडं हाय का फडकं? तुज्या बापाला फडकं पांघरून घाटात धाडू? आनि धनगराची लेक तू. घोंगड्याला खळ आस्ती ह्ये तुला ठावं न्हाई?"

लहानपणी सिंधू त्याच खळीच्या वासात झोपली होती. नमुन्याच्या कागदावर तिने तीनशे बारा धाग्यांचा हिशोब लिहिला होता. खळीला जागाच ठेवली नव्हती. आणि सुबाक्काने ती विचारली नव्हती, कारण घोंगड्याला खळ द्यायची का, असं आजवर कोणी कोणाला विचारलेलं नाही.

घोंगडं धुतलं. वाळायला पुरा दिवस गेला. सूर परत आले. सिंधूचा चेहरा उजळला, मायाप्पा माळावर फिरून आला, आणि तासाभरात सूर पुन्हा गेले. खळ नसलेलं घोंगडं पाठीवर लोळागोळा होऊन पडत होतं. दोन पदर एकमेकांवर घासत होते. चांदीला चांदी लागत होती.

"आता कागदावर सही होत न्हाई," मायाप्पा शांतपणे म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मी भजनात पखवाज धरतो. चांगला धरतो असं मीच सांगतो, कारण बाकी कोणी सांगत नाही. मी म्हटलं, "सिंधू, पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, आम्ही ओली कणीक थापतो. का थापतो?"

"सूर खाली उतरावा म्हणून."

"मग खळ म्हणजे तुझ्या ॲन्टेनाला थापलेली कणीक. सूर मेलेले नाहीत गं, खाली उतरलेत. तू त्यांना जुन्या जागी शोधतीयस."

ती तडक उठली. मग यंत्रावर खालच्या पट्ट्या चाळू लागली. आणि सापडले! तिन्हीच्या तिन्ही, एकेक पायरी खाली, गुपचूप बसलेले. खळीत लहर हळू चालते, म्हणून ॲन्टेना आहे त्याहून लांब असल्यासारखा वागतो. मग ॲन्टेनाच आखूड विणला तर खळ दिल्यावर सूर बरोबर जागी येणार. वर खळीने पदर ताठ राहणार, चांदीला चांदी लागणार नाही. आठ प्रकारच्या फोमला जे जमलं नव्हतं ते चिंचोक्याने फुकटात करून ठेवलं होतं.

सिंधू सुबाक्काच्या मागाशी जाऊन खाली बसली. "आक्का, दहा धाग्यांमागं एक कमी करायचा. आणि खळ किती देता, किती दाट, सगळं मला लिहून घेऊ दे."

"लिवून?" सुबाक्का हसली तेव्हा तिचे न उरलेले सगळे दात दिसले. "हात घाल त्या पातेल्यात. बोटाला चिकाटली आनि झटाकली तर सुटली, म्हंजे झाली. लिव."

तीन दिवसांत नवा नमुना विणून झाला. पातेलं ढवळायला सिंधूच बसली. निघायच्या आदल्या दुपारी घोंगडं मायाप्पाच्या पाठीवर चढलं, माळावर तीन तास फिरलं, आणि डॉक्टरांची सही झाली. मायाप्पाने घोंगड्याचा वास घेतला. "आता कसं आपलं वाटतंय," म्हणाला आणि मेंढरं एका रांगेत त्याच्यामागे चालू लागली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण खरा घोळ यंत्र चालू लागल्यावर झाला.

घोंगडं फारच छान बोलत होतं. मायाप्पाची नाडी, साखर, श्वास, पावलं, कुठल्या वळणावर दम लागला, कितीदा बसला, सगळं पुण्याला सिंधूच्या टेबलावर. तिने आधी दिवसातून दोनदा पाहायचं ठरवलं होतं. आठवड्यात ती दर पंधरा मिनिटांनी पाहू लागली. आणि पाहिलं की फोन.

"आबा, भर उन्हात चढ चढलात."

"आबा, साखर वाढलीय. शेंगदाण्याचा लाडू कोणी दिला?"

"आबा, नाडी एकदम वाढली. काय झालं?"

"शेवंतानं तुज्याबद्दल इचारलं," मायाप्पा म्हणाला. "म्हनून वाढली."

बिराने मला फोनवर सांगितलं, "तात्या, चुलता सुकत चाललाय. शिंकायच्या आधी इकडंतिकडं बघतो." पन्नास वर्षं ज्या माणसाचा ठावठिकाणा फक्त कुत्र्यांना माहीत असायचा, त्याच्या लाडवाचा दाणा न् दाणा आता पुण्यात मोजला जात होता. त्याने एकदा घोंगडं झाडाला टांगून पाहिलं. झाडाला नाडी नसते, त्यामुळे सहा मिनिटांत दवाखान्याचा फोन आला.

आणि मग घाट उतरल्यावर, एका दुपारी, मायाप्पाला सरदार दिसला.

छातीवरची टिकली त्याने काढली आणि सरदारच्या कानामागे, जिथे लोकर नसते तिथे, चिकटवली. घोंगडं त्याच्या पाठीवर टाकून पोटाखालून दोरीने बांधलं. आणि आपण ओढ्यापलीकडच्या आंब्याखाली जाऊन, वैशाखानंतर पहिल्यांदा, कोणाच्या देखरेखीशिवाय झोपला.

दवाखान्याच्या पडद्यावर आकडे उमटले. नाडी ब्याऐंशी, ठीक. ताप एकोणचाळीस अंशांच्या वर. श्वास मिनिटाला अडतीस. रुग्ण चार पायांवर असावा तशी पावलं दुप्पट. आणि काळजातलं यंत्र साफ गप्प! सगळ्या मेंढरांना जन्मभर एवढा ताप असतोच, पण हे हृदयरोगाच्या पुस्तकात दिलेलं नाही. डॉक्टरांनी पडद्यावरून तपासणी सुरू केली. घोंगड्याच्या डबीतून आवाज आला, "मायाप्पा, ऐकू येतंय का? हो किंवा नाही म्हणा." सरदार जे म्हणाला ते हो आणि नाही यांच्या बरोबर मधलं होतं. वैद्यकीय अहवालात नोंद झाली: बोलणं अस्पष्ट.

पावणेदोन तासांनी उडती पेटी आली. तीत औषधं असतात, झटका द्यायचं यंत्र असतं, आणि एक गोड आवाज असतो. ती सरदारच्या पुढ्यात अलगद उतरली आणि म्हणाली, "घाबरू नका, शांत पडून राहा." सरदार चार पावलं मागे सरला. एडका मागे सरतो तेव्हा तो घाबरलेला नसतो. अहवालात पुढची नोंद: रुग्ण आक्रमक. त्यानंतर पेटीने काही नोंदवलं नाही.

संध्याकाळच्या आत सिंधू गाडी घेऊन तळावर हजर. पुण्याहून निघताना तिच्या हातात बापाचं काळीज बंद पडल्याचा कागद होता. समोर बाप चुलीपुढे चहा पीत बसलेला. मी तिच्याबरोबर गाडीत होतो. मला ती वाटेत स्टँडवरून उचलून घेऊन आली होती, कारण अशा वेळी एकटीने जाऊ नये म्हणतात. त्या वेळची तिची मुद्रा मला वर्णन करता येत नाही, आणि मला सहसा काहीही वर्णन करता येतं.

"एडक्याला? आबा, एडक्याला?"

"त्यो तुज्याशी नीट बोलला आसंल."

"थट्टा सुचतेय तुम्हाला? चार तास मी गाडीत बसून..."

"आनि मी?" मायाप्पाने कप खाली ठेवला. "म्हैना झाला, तू माज्या छातीवर बसलीयास. मुतायला ग्येलो तरी पुन्याला कळतंय. तुजी आई तीस सालं माज्यासंगट चालली, तिनं कधी माज्या छातीला असा कान लावला न्हाई!"

"आई!" सिंधू म्हणाली. "आई वारली तेव्हा मला केव्हा कळलं, आबा? तिसऱ्या दिवशी. तुम्ही घाटात होता, तिथं रेंज नव्हती. मी होस्टेलात केस धुऊन पिक्चरला गेले होते. आई तिकडं मातीत गेली, आणि मी पिक्चरला! म्हणून मी हे शिकले. दुसरं काही नाही. कुणाला वाटतं नोकरीसाठी शिकले."

बिराने कुत्र्याला उगीच हाकललं. ही गोष्ट मायाप्पाला दहा वर्षांत कोणी सांगितली नव्हती.

"तवा मला काय सुचत नव्हतं, पोरी," तो म्हणाला. "माणूस धाडायला पायजे हुता."

उठून त्याने सरदारच्या पाठीवरचं घोंगडं सोडलं, झटकलं, चौघडी करून खांद्यावर टाकलं, जसं तो, पाठीवरच पांघरायचा हुकूम येईपर्यंत, जन्मभर टाकत आला होता. सिंधूच्या हातातल्या फोनवर तीन लहरींचे तीन हिरवे दिवे होते, त्यातला एक विझला. दोन राहिले.

तिने फोनकडे पाहिलं. मग घडीकडे. "आबा, परत उलगडा. आता खोळ घाला." डोक्यावरून पांघरून समोर गाठ मारतात, पावसाथंडीत, ती खोळ. तिन्ही दिवे पेटले. "आता खांद्यावर." एक विझला.

"काय चाललंय गं ह्ये? मी काय बटान हाय?"

"हो!" ती हसली, नाक पुसत. "तात्या, बघितलंत? घडी पडली की फटी एकमेकींवर येतात आणि आतली छोटी वाट बुजते. टिकल्यांचं बोलणं बंद. बाहेरच्या दोन वाटा उघड्याच राहतात. म्हणजे काळजातलं यंत्र बोलू शकतं आणि मनोऱ्यालाही कळवता येतं."

मग ती जे बोलली ते तिला सोपं गेलं नसणार.

"आबा, घोंगडं खांद्यावर असेल तेव्हा मला काहीही दिसणार नाही असं मी करून देते. दवाखान्यालाही नाही. फक्त काळीज अडखळलं, तर तेवढी एक हाक बाहेर जाईल. ती मात्र कशानेही थांबणार नाही. आणि खोळ घातलीत, तर सगळं दिसेल. कधी घालायची ते तुमचं तुम्ही ठरवायचं."

"आनि म्या कधीच न्हाई घातली तर?"

"तर नाही दिसणार," सिंधू म्हणाली. तिचे डोळे चुलीकडे होते.

दोन महिने गेले. मायाप्पाने खोळ घातली नाही. सिंधूने फोन आठवड्याला एक केला आणि त्यात मेंढरांची चौकशी केली. तिच्या टेबलावर आकड्यांच्या जागी नुसता काळा चौकोन होता. प्रयोगशाळेतला एक जण म्हणाला, "तुझा ॲन्टेना बंद पडलाय." ती म्हणाली, "खांद्यावर आहे."

माघात, दुपारी बारा-साडेबाराला, तो चौकोन लाल झाला.

चिपळूणच्या अलीकडे, भाताच्या रिकाम्या खाचरात, बांधावर टेकलेला मायाप्पा एका अंगावर कलंडला होता. बिरा ओढ्याला, शेवंता लाकडांना. जवळ फक्त मेंढरं. काळीज सैरावैरा धावत होतं आणि आतलं यंत्र ढोसून ढोसून थकलं होतं. पण त्याने कुजबुजून सांगितलं, घोंगड्याने ऐकलं, खळीने ताठ धरलेल्या चांदीतून ती हाक टेकडीवरच्या मनोऱ्याला पोचली, आणि जागा दहा पावलांच्या आत बरोबर कळली. उपकेंद्रातली नर्स, वैदेही बने नावाची, भाकरीचा घास टाकून दुचाकीवर निघाली आणि अकराव्या मिनिटाला बांधावर होती. मागोमाग उडती पेटी आली. धावत आलेल्या बिराने या वेळी पहिलं काम केलं ते सरदारची शिंगं धरायचं.

मायाप्पा वाचला. वैदेही म्हणाली, आणखी दहा मिनिटं गेली असती तर पेटीचा काही उपयोग नव्हता.

बारा दिवस दवाखान्यात. तेराव्या दिवशी सिंधू त्याला न्यायला आली. डॉक्टर म्हणाले, "आता तरी घरी ठेवा." बाप लेकीकडे बघायला लागला. तिने गाडी काढली. फाट्यावर उजवीकडे गाव, डावीकडे घाट आणि त्याखाली मेंढरांचा तळ. मागच्या सीटवर बसून मी दोन्ही बाजूंचे देव आठवून ठेवले होते. सिंधूने गाडी डावीकडे घातली.

तळावर पोचल्यावर तिने घोंगडं काढलं, नीट चौघडी केली आणि स्वतःच्या हाताने बापाच्या खांद्यावर टाकलं. टिकल्यांची वाट बुजेल अशीच घडी. घोंगडं जरा पुढे ओढून मायाप्पाने मेंढरांकडे तोंड फिरवलं. धनगराला डोळ्यांत पाणी आलं की मेंढरं मोजावी लागतात. त्याने दोनदा मोजली.

त्याच दिवशी, दिवेलागणीला, सिंधूची गाडी घाट चढत असताना तिच्या फोनवर तीन हिरवे दिवे लागले. नाडी, साखर, श्वास, सगळं. एक भाकरी खायला लागेल तेवढा वेळ. मग तिन्ही विझले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आता ती त्या वेळी कोणाचा फोन घेत नाही. आकडे ती बघत नाही म्हणते. समोर फोन ठेवून आपलं जेवण घेऊन बसते, आणि दिवे विझले की ताट उचलते.

आमच्या गावात आता सहा माग झालेत. सुबाक्का कोणालाही चांदी लवकर हाताळू देत नाही, आधी महिनाभर पातेलं ढवळायला लावते. परदेशातून दोन शास्त्रज्ञ खळ शिकायला आले होते. त्यांतला एक ती खाऊन बसला, पण ती गोष्ट वेगळी.

मागच्या आठवड्यात दिवेलागणीला सिंधूच्या फोनवर दिवे लागले. ताप एकोणचाळीसच्या वर. श्वास अडतीस. काळजातलं यंत्र गप्प. तिने घास खाली न ठेवता फोन लावला.

"आबा, सरदारला दम लागलाय. पाणी पाजा त्याला."

पलीकडून मायाप्पाचं हसणं ऐकू आलं. मागे बिरा हसला, शेवंता हसली. सरदारने आपलं मत दिलं. दवाखान्यातून मात्र कोणाचाही फोन आला नाही, कारण सिंधूने ती सोय आधीच करून ठेवली होती. त्यांच्या यादीत मायाप्पा मदने या नावाखाली आता आणखी एक रुग्ण आहे. मी स्वतः वाचलंय: सरदार मायाप्पा मदने. वय चार. मुक्काम वाघरीत. प्रकृती उत्तम. शेरा: पेटी जवळ उतरवू नये.